डॉ. मेघनाद साहा : ताऱ्यांचा प्रकाश वाचणारे शास्त्रज्ञ

थोर पुरुषांची चरित्रे मुलांपुढे ठेवताना आपण बहुधा त्यांचे यश सांगतो; ते यश कोणाच्या आधारावर उभे राहिले, हे सांगावयाचे राहून जाते. डॉ. मेघनाद साहा यांचे चरित्र निवासी शाळेच्या परिवाराने या दुसऱ्या दृष्टीने वाचावे, असे आम्हांस वाटते.

६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाक्याजवळच्या शेओडातली या खेड्यात साहांचा जन्म झाला. वडील जगन्नाथ यांचे किराणा मालाचे लहानसे दुकान होते. आठ भावंडांच्या या कुटुंबात प्राथमिक शाळेपुढचे शिक्षण ही चैनच होती. मुलाने दुकानात बसावे, असा वडिलांचा विचार होता. परंतु शिक्षकांनी या मुलाची बुद्धी ओळखली होती. पुढची शाळा काही मैल दूर सिमुलिया गावी. तेथील डॉक्टर अनंतकुमार दास यांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. आपले ताट आपण धुवावे आणि घरची गाय सांभाळावी, एवढीच अट होती. त्या आश्रयावर हा मुलगा ढाका जिल्ह्यात पहिला आला आणि त्याला दरमहा चार रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तागाच्या गिरणीत काम करणारे थोरले बंधू जयनाथ आपल्या वीस रुपये पगारातून पाच रुपये पाठवीत.

१९०५ साली बंगालची फाळणी झाली. गव्हर्नरांच्या भेटीवर बहिष्कार घालणाऱ्या विद्यार्थ्यांत साहा होते. त्यापायी ढाक्याच्या सरकारी शाळेतून त्यांना काढून टाकण्यात आले व शिष्यवृत्तीही गेली. किशोरीलाल जुबिली शाळेने त्यांना प्रवेश दिला नसता, तर हे चरित्र येथेच संपले असते.

१९११ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाले. जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय हे तेथे अध्यापक, तर सत्येंद्रनाथ बोस सहाध्यायी. परंतु ईडन हिंदू वसतिगृहात उच्चवर्णीय विद्यार्थ्यांनी या कनिष्ठ मानलेल्या जातीच्या मुलाशेजारी बसून जेवण्यास नकार दिला; त्याचे ताट वेगळे मांडले गेले. सरस्वतीपूजेच्या मंडपातही त्याला मज्जाव झाला. विद्येच्या देवतेच्या पूजेतून त्या वसतिगृहातील एक बुद्धिमान विद्यार्थीच वगळला गेला, यावर वेगळे भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

याच विद्यार्थ्याने १९२० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, खगोलशास्त्रातील एक मोठे कोडे सोडविले. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून नेला की रंगांच्या पट्ट्यात काळ्या रेषा दिसतात, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. मात्र निरनिराळ्या ताऱ्यांच्या रेषा निरनिराळ्या दिसत. मग हे तारे भिन्न द्रव्यांचे बनलेले आहेत काय? साहांनी दाखवून दिले की, उष्णता वाढली आणि दाब घटला की अणू आपला इलेक्ट्रॉन गमावतो आणि त्याच्या रेषा बदलतात. किती अणूंची अशी अवस्था होईल, हे सांगणारे समीकरण त्यांनी मांडले. त्याच्या आधारे सिसिलिया पेन या तरुण संशोधिकेने १९२५ साली हार्वर्ड येथे ताऱ्यांची घडण तपासली. बहुतेक तारे सारख्याच द्रव्यांचे असतात, असे तिला आढळले. त्यांच्यात दिसणारा भेद मुख्यतः तापमानाचा, म्हणजे परिस्थितीचा होता.

साहांच्या निधनानंतर अकरा वर्षांनी, १९६७ साली, अणुचाचण्यांवर पाळत ठेवणाऱ्या अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी अंतराळातून आलेला गॅमा किरणांचा लखलखाट टिपला. १९७३ साली हा शोध प्रसिद्ध झाला. हे स्फोट कोठे होतात, हा वाद पुढे जवळजवळ पाव शतक चालला. अखेर ८ मे १९९७ च्या स्फोटामागे रेंगाळलेल्या प्रकाशात, इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोह व मॅग्नेशियमच्या अणूंच्या रेषा सापडल्या. त्या तांबड्या रंगाकडे इतक्या सरकल्या होत्या की, तो प्रकाश अब्जावधी वर्षांचा प्रवास करून आला, हे निश्चित झाले. यांतील दीर्घ स्फोट बहुधा प्रचंड ताऱ्याचा गाभा कोसळताना होतात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले, तेव्हा सुमारे दोन सेकंदांचा स्फोट दिसला. त्यातून उधळलेल्या तप्त वायूत स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य ओळखण्यात आले. अशा वायूचा वर्णपट उलगडताना शास्त्रज्ञ आजही साहांचे समीकरण वापरतात. जे स्फोट त्यांच्या हयातीत कोणास ठाऊकही नव्हते, त्यांचा प्रकाश वाचण्यास त्यांचे गणित उपयोगी पडले.

साहा प्रयोगशाळेपुरते राहिले नाहीत. १९२७ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पुढे कलकत्त्यात त्यांनी अणुभौतिकीची संस्था उभारली. १९४३ च्या दामोदर नदीच्या महापुरानंतर नेमलेल्या चौकशी समितीत त्यांनी नदीखोऱ्याच्या एकात्मिक विकासाचा आग्रह धरला. त्याच दामोदर प्रकल्पाला व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातील मजूरमंत्री या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिशा दिली, हे वाचकांस ठाऊक असेलच. १९५२ साली साहा अपक्ष म्हणून लोकसभेत निवडून आले. बाबासाहेब त्याच वर्षी राज्यसभेत गेले. राष्ट्रीय दिनदर्शिकेच्या सुधारणा समितीचेही साहा अध्यक्ष होते. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे जाताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

भौतिकशास्त्रातून समाजशास्त्राचे नियम काढू नयेत, हे आम्ही जाणतो. तरीही ज्याचे ताट जन्मावरून वेगळे मांडले गेले, त्यानेच ताऱ्यांतील भेदाचे मूळ परिस्थितीत शोधले, या योगायोगापाशी इतिहासाचा शिक्षक थांबल्यावाचून राहत नाही. मुलांची परिस्थिती मात्र आपल्या हाती असते. साहांच्या बाबतीत ती एका डॉक्टरांच्या घराने, चार रुपयांच्या शिष्यवृत्तीने, भावाच्या पाच रुपयांनी आणि प्रवेश देणाऱ्या एका शाळेने बदलली. यांपैकी एकही गोष्ट सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची नाही. ही स्मरणिका हाती घेणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी आपल्या ओळखीतील एका तरी मुलासाठी यांपैकी एक गोष्ट करावी, ही आमची विनंती आहे. आणि वसतिगृहाच्या पंगतीत कोणाचेही ताट वेगळे मांडले जाणार नाही, याची काळजी आपण सर्वांनी मिळून घ्यावी.