रेनियर डी ग्राफ

रेनियर डी ग्राफ (३० जुलै १६४१ – १७ ऑगस्ट १६७३) हे डच वैद्य व शरीररचनाशास्त्रज्ञ होते. अंडाशयातील ग्राफियन पुटिकेमुळे त्यांचे नाव पाठ्यपुस्तकांत टिकून आहे. मात्र जननसंस्थेवरचा त्यांचा पहिला ग्रंथ पुरुषाच्या इंद्रियांविषयी होता. वृषण हे नलिकांचे बनलेले आहे हा त्यातील निष्कर्ष आजही ग्राह्य आहे.

जीवन

ग्राफ यांचा जन्म नेदरलँड्समधील स्खूनहोव्हन येथे एका कॅथलिक कुटुंबात झाला. त्यांनी उत्रेख्त व लायडन येथे वैद्यकाचे शिक्षण घेतले. लायडनला फ्रान्सिस्कुस सिल्व्हियस हे त्यांचे गुरू होते, तर यान स्वामरडाम व निकोलाउस स्टेनो हे समकालीन विद्यार्थी. विद्यार्थिदशेतच, १६६४ मध्ये, त्यांनी जिवंत कुत्र्याच्या स्वादुपिंडाच्या नलिकेत पिसाची पोकळ नळी बसवून स्वादुरस गोळा केला. हा रस आम्लधर्मी असतो, हे गुरूंचे मत त्यांनीही उचलून धरले. ते चुकीचे होते. प्रयोगाची पद्धत मात्र पुढे मान्यता पावली. १६६५ मध्ये फ्रान्समधील आंजे येथे त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्यानंतर ते डेल्फ्ट येथे स्थायिक झाले. प्रोटेस्टंट वर्चस्वाच्या त्या काळात कॅथलिक असल्याने त्यांना विद्यापीठात अध्यापकपद मिळू शकले नाही. व्यवसाय सांभाळूनच त्यांनी आपले संशोधन केले.

पुरुष जननसंस्थेवरील कार्य

पुरुषाच्या जननेंद्रियांवरील ग्रंथ १६६८ मध्ये प्रसिद्ध झाला. वृषणाविषयी तोवर फारशी स्पष्टता नव्हती. ॲरिस्टॉटलने वृषणांना मागाला ताण देण्यासाठी टांगलेल्या वजनांची उपमा दिली होती. रेत तेथे तयार होते, असे तो मानत नव्हता. नंतरचे अनेक लेखक वृषणाचा गर मऊ व ग्रंथिमय समजत. ग्राफ यांनी डॉरमाउस या खारीसारख्या लहान कृंतक प्राण्याचे वृषण घेतले, त्यावरील पांढरे आवरण काढले आणि ते पाण्यात टाकले. तेव्हा आतील सर्व भाग आपोआप सुटून बारीक दोऱ्यांसारखा मोकळा झाला. त्यावरून वृषण म्हणजे अतिशय सूक्ष्म नलिकांची गुंडाळी आहे आणि रेत या नलिकांतच तयार होते, असे त्यांनी प्रतिपादन केले. क्लोद ओब्री यांनी १६५८ मध्ये या नलिकांचे वर्णन केले होते. तरीही शंकेला जागा उरू नये अशा रीतीने त्या दाखविण्याचे श्रेय ग्राफ यांनाच द्यावे लागते.

वृषणातून रेत एकाच मोठ्या नळीने बाहेर पडते, ही समजूतही त्यांनी खोडून काढली. अनेक बारीक वाहिन्या वृषणातून निघून अधिवृषणाच्या शीर्षभागात शिरतात व तेथून पुढे रेतवाहिनी सुरू होते, हा मार्ग त्यांनी सचित्र मांडला. वाहिन्यांत द्रव भरण्यासाठी त्यांनी खास पिचकारी वापरली व तिच्यावरील प्रकरण याच ग्रंथाला जोडले. मृतदेहातील शिस्नाच्या वाहिन्यांत द्रव भरून ताठरता वाहिन्या भरल्याने येते, हेही त्यांनी दाखविले.

आजच्या माहितीनुसार प्रत्येक वृषणात सुमारे २५० खंडिका असतात व प्रत्येक खंडिकेत साधारणपणे एक ते चार रेतोत्पादक नलिका असतात. नलिकांमधील ऊतकातील पेशींचे वर्णन फ्रान्झ लायडिग यांनी १८५० मध्ये, तर नलिकांच्या आतील आधारपेशींचे एन्रिको सेर्तोली यांनी १८६५ मध्ये केले. त्यासाठी सूक्ष्मदर्शक आवश्यक होता. ग्राफ यांचे काम मुख्यतः उघड्या डोळ्यांचे होते.

अंडाशय व वाद

१६७२ मध्ये स्त्रीच्या जननेंद्रियांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. सशाच्या मादीचे टप्प्याटप्प्याने विच्छेदन करून, फुटलेल्या पुटिकांची संख्या व गर्भांची संख्या जुळते, असे त्यांनी दाखविले. संपूर्ण पुटिकेलाच त्यांनी अंडे मानले होते. अंडवाहिनीत सापडणारे अंडे पुटिकेपेक्षा पुष्कळ लहान असते, हे त्यांच्याच लक्षात आले होते. परंतु हे कोडे त्यांना पूर्णपणे उलगडले नाही. सस्तन प्राण्याचे खरे अंडे कार्ल फॉन बेअर यांना १८२७ मध्ये दिसले.

हे शोध आपले व आपले गुरू योहानेस फान होर्न यांचे असल्याचा दावा करून स्वामरडाम यांनी ग्राफ यांच्यावर श्रेय लाटल्याचा आरोप केला. ग्राफ यांनी १६७३ मध्ये छापील उत्तर दिले. वाद लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे गेला व तिने अग्रमान स्टेनो यांना दिला. हा निर्णय होण्यापूर्वीच ग्राफ यांचे वयाच्या ३२ व्या वर्षी निधन झाले होते. आदल्याच वर्षी त्यांचा विवाह झाला होता व त्यांचा मुलगा तान्हेपणीच वारला होता. डेल्फ्टच्या आउडे केर्क या चर्चमध्ये त्यांचे दफन करण्यात आले.

लेव्हेनहुक यांची शिफारस

मृत्यूपूर्वी काही महिने, एप्रिल १६७३ मध्ये, ग्राफ यांनी रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांना पत्र लिहून डेल्फ्टमधील एका कापड व्यापाऱ्याच्या सूक्ष्मदर्शकांकडे लक्ष वेधले. हा व्यापारी म्हणजे आंतोनी फान लेव्हेनहुक. रेतातील सूक्ष्म वाफ अंड्याला फलित करते, अशी ग्राफ यांची समजूत होती. १६७७ मध्ये लेव्हेनहुक यांनी रेतात हालचाल करणारे शुक्रजंतू पाहिले व त्याचे वृत्त याच सोसायटीला कळविले.