पडद्याआडच्या स्त्रियांची वकील

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ साली नाशिक येथे झाला. वडील पारशी धर्मातून ख्रिस्ती झालेले पाळक. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा चालवल्या. १८९२ साली कॉर्नेलियाबाईंनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पण तेथे तेव्हा स्त्रियांना पदवी देत नसत. ती १९२२ साली हाती आली, आणि बॅरिस्टरीची सनद १९२३ साली.

बाई तोवर थांबल्या नाहीत. पडदानशीन विधवांना परपुरुष वकिलापुढे तोंड उघडता येत नसे, म्हणून नातलग व कारभारी त्यांची इस्टेट लुबाडत. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सतर्फे बाई स्वतः जनानखान्यात जाऊन बसल्या, कैफियती ऐकल्या. सुमारे ६०० स्त्रिया व अनाथ मुलांना त्यांचे साहाय्य झाले. स्वराज्याच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. ते आम्हांला पटत नाही. १९५४ साली त्या लंडनमध्ये वारल्या.

आजही अत्याचार झालेल्या बहिणीला ठाण्यात नि कोर्टात बोलायचा धीर होत नाही. तिने आपल्याकडे यावे म्हणून आपण वाट पाहतो. कॉर्नेलियाबाई तिच्या दारी गेल्या असत्या. आपण जातो काय?