ट्रॉम्बेचा माणूस, जगाचा माइक

सहावीत किंवा नववीत असताना ‘होमी भाभा’ दिली होती का? मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर हा प्रश्न टाकून बघा. बरेच हात वर होतील. लेखी परीक्षा, मग प्रॅक्टिकल, मग प्रोजेक्ट आणि मुलाखत. ज्यांनी ती दिली नाही त्यांनी निदान ‘रॉकेट बॉइज’ तरी पाहिलेली असते. थोडक्यात, डॉ. होमी जहांगीर भाभा हे नाव आपल्याला नवं नाही. अणुऊर्जा, बीएआरसी, विमान अपघात हेही तोंडपाठ असतं.

पण या माणसाचं आणखी एक काम होतं, आणि त्यावर फारसं कोणी बोलत नाही. आयुष्याच्या शेवटच्या दहा-बारा वर्षांत भाभा सतत कुठल्या ना कुठल्या व्यासपीठावर उभे होते. जिनिव्हा, न्यूयॉर्क, व्हिएन्ना, उदयपूर आणि आकाशवाणीचा स्टुडिओ. विषय एकच, अणू आणि जगाची सुरक्षा. आज आपल्या कॉलेजांत आंतरराष्ट्रीय संबंधांवर सेमिनार होतात, मॉडेल यूएनमध्ये मुलं देशांच्या पाट्या लावून भांडतात. भारताच्या वतीने हे भांडण खरोखर करणाऱ्या पहिल्या काही माणसांत भाभा होते. म्हणून आज त्यांची गोष्ट त्या बाजूने.

सुट्टीवर आले आणि राहिले

जन्म ३० ऑक्टोबर १९०९, मुंबई. घर सधन पारशी. वडील जहांगीर बॅरिस्टर, आत्या मेहरबाई म्हणजे सर दोराबजी टाटांच्या पत्नी. त्यामुळे पोलाद, वीज, कारखाने हे विषय लहान होमीच्या कानावर घरातच पडत. शाळा कॅथीड्रल, मग एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. (या दोन्ही संस्था आज मुंबईतल्या डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात आहेत, हा योग छानच.)

१९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. घरच्यांचा बेत सरळ होता, मुलाने मेकॅनिकल इंजिनीअर व्हावं आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावं. मुलाचा जीव मात्र भौतिकशास्त्रात अडकला. शेवटी बापलेकांत तह झाला. आधी इंजिनीअरिंगमध्ये फर्स्ट क्लास आण, मग हवं ते शीक. होमीने १९३० मध्ये फर्स्ट क्लास आणला आणि शब्द वसूल केला. करिअरवरून घरात वाजलेलं असेल तर हा किस्सा लक्षात ठेवा!

पुढची काही वर्षं झपाट्याची होती. १९३५ मध्ये पीएचडी. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनच्या टकरीचं त्यांनी मांडलेलं गणित आजही ‘भाभा स्कॅटरिंग’ म्हणून शिकवतात. १९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले आणि दुसरं महायुद्ध सुरू झालं. परतीची वाट बंद. मग बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, सी. व्ही. रामन यांच्या विभागात ते काम करू लागले. १९४१ मध्ये, वयाच्या ३१व्या वर्षी, रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

१२ मार्च १९४४ ला त्यांनी टाटा ट्रस्टला एक पत्र लिहिलं. मागणी अशी की मूलभूत भौतिकशास्त्रासाठी देशात एक संस्था काढा. काही दशकांनी अणूपासून वीज होऊ लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञ बाहेरून आणावे लागू नयेत. तारीख बघा. हिरोशिमावर बॉम्ब पडायला अजून जवळपास दीड वर्ष होतं. याच पत्रातून १९४५ मध्ये टीआयएफआर उभी राहिली.

ट्रॉम्बेची टेकडी आणि बंद दार

देश स्वतंत्र झाल्यावर ऑगस्ट १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये स्वतंत्र अणुऊर्जा विभाग आला, तो थेट पंतप्रधान नेहरूंच्या हाताखाली. भाभाच त्याचे सचिव. मध्ये कोणी मंत्री नाही, कोणी दुसरा बाबू नाही.

त्याच वर्षी ट्रॉम्बेचं केंद्र सुरू झालं. एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला खाडी. तेव्हा हा भाग शहराच्या पार कडेला होता. आज मानखुर्द, गोवंडी, चेंबूरची वस्ती त्याच्या कुंपणापर्यंत आली आहे. ४ ऑगस्ट १९५६ ला इथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. सोव्हिएत संघ सोडला तर आशियातली पहिली. इंधन ब्रिटनचं, बांधणी आपल्या लोकांची, नाव नेहरूंनी ठेवलेलं.

या सगळ्याला एक दुसरी बाजू होती. १९४८ च्या अणुऊर्जा कायद्याने हे क्षेत्र गुप्ततेच्या पडद्याआड नेलं. संविधान सभेत त्यावर प्रश्नही विचारले गेले, की इतकी गुप्तता कशाला? पण कायदा झाला. परिणाम असा की अणूबद्दल देशात अधिकाराने बोलणारा जवळजवळ एकच आवाज उरला, भाभांचा. त्यांचं म्हणणं तपासून बघायला बाकीच्यांकडे आकडेच नव्हते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

जिनिव्हातली खुर्ची

ऑगस्ट १९५५. जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांनी अणूच्या शांततामय वापरावर पहिली जागतिक परिषद भरवली. ७३ देशांचे प्रतिनिधी आले. शीतयुद्ध जोरात होतं, आणि तरी अमेरिकन व सोव्हिएत शास्त्रज्ञ प्रथमच एका सभागृहात बसून एकमेकांना आपलं काम सांगत होते. अध्यक्षाच्या खुर्चीत होते ४५ वर्षांचे होमी भाभा. आठ वर्षांपूर्वी स्वतंत्र झालेल्या, स्वतःची एकही अणुभट्टी अजून सुरू नसलेल्या देशाचे!

अध्यक्षीय भाषणात त्यांनी एक भाकीत करून टाकलं. सूर्यात जी ऊर्जा तयार होते ती, म्हणजे फ्यूजन, माणूस वीसेक वर्षांत काबूत आणेल, असं त्यांचं म्हणणं होतं. मोठ्या देशांत हे संशोधन गुपित होतं, त्यामुळे जगभरच्या वर्तमानपत्रांत एकच गाजावाजा झाला. पुढे सत्तर वर्षं लोटली, तरी फ्यूजनची वीज कुणाच्या घरात आलेली नाही. फ्रान्समध्ये त्यासाठी बांधल्या जात असलेल्या ‘ईटर’ या प्रचंड यंत्रात भारतही भागीदार आहे.

पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, न्यूयॉर्कला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची घटना ठरत होती. मदत घेणाऱ्या देशांवर तपासणी असावी, असा मोठ्या देशांचा आग्रह. भाभांनी त्याला कडवा विरोध केला. त्यांचा मुद्दा असा होता की ज्यांच्याकडे आधीच बॉम्ब आहेत त्यांना कोणी तपासणार नाही आणि ज्यांना वीज हवी आहे त्यांच्या घरात मात्र निरीक्षक बसणार. म्हणजे जगाची दोन वर्गांत कायमची वाटणी. १९६८ मध्ये अण्वस्त्र प्रसारबंदी करार आला तेव्हा भारताने सही केली नाही, ती जवळजवळ याच युक्तिवादावर. आजही मॉडेल यूएनमध्ये ‘भारत’ ही पाटी ज्याच्यासमोर असते तो हेच बोलतो. त्याला ठाऊक असो वा नसो, वाक्यामागे भाभा असतात.

सभागृहातला दुसरा आवाज

विरोधात बोलणारं कोणी नव्हतं का? होतं की! दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात जन्मलेले, गणितज्ञ आणि इतिहासकार. भाभांनीच त्यांना टीआयएफआरमध्ये आणलं होतं. पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करणारे कोसंबी जागतिक शांतता चळवळीत काम करत. जुलै १९६० मध्ये ट्रॉम्बेला कॅनडाच्या मदतीने बांधलेली ‘सायरस’ अणुभट्टी सुरू झाली. त्याच महिन्यात पुण्याच्या रोटरी क्लबमध्ये कोसंबींनी भारत आणि अणुऊर्जा यावर भाषण दिलं. अणुविजेचा खरा, पूर्ण खर्च मांडा, आणि आपल्या देशात फुकट पडणाऱ्या उन्हाचा विचार करा, असा त्यांचा सूर होता. सोलर पॅनल हा शब्द घरोघरी पोचायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

दोघांचं फाटत गेलं. १९६२ मध्ये कोसंबींचा टीआयएफआरशी असलेला करार पुढे वाढवला गेला नाही. इकडे भाभांची गणितं मोठी होत होती. १९८० पर्यंत ८,००० मेगावॅट अणुवीज, असा त्यांचा अंदाज होता. १९८० उजाडलं तेव्हा देशात अणुविजेची क्षमता हजार मेगावॅटसुद्धा नव्हती.

रेडिओवरचे आकडे

आता त्या भाषणाकडे येऊ. १९६२ मध्ये चीनशी युद्ध झालं, आपण हरलो. १९६४ च्या सुरुवातीला उदयपूरला ‘पगवॉश’ ही शास्त्रज्ञांची शांतता परिषद भरली. तिथे भाभांनी मांडलं की अण्वस्त्रं हाती असली तर लहान देशही आपल्यापेक्षा कितीतरी बलाढ्य शत्रूला रोखून धरू शकतो. शांततेच्या परिषदेत हे ऐकून अनेकांच्या भुवया उंचावल्या असतील. मे महिन्यात नेहरू गेले, लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले. आणि १६ ऑक्टोबर १९६४ ला चीनने पहिला अणुस्फोट केला.

आठच दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, संयुक्त राष्ट्र दिनी भाभा आकाशवाणीवर बोलले. विषय नि:शस्त्रीकरण. बॉम्ब पसरू नयेत असं वाटत असेल तर बॉम्ब नसलेल्या देशांना सुरक्षेची हमी मिळायला हवी, हे त्यांनी सांगितलं. आणि मग खर्चाचे आकडे दिले. १० किलोटनचा एक स्फोट सुमारे साडेसतरा लाख रुपयांत, ५० अणुबॉम्बचा साठा १० कोटींच्या आत. म्हणजे सैन्यावर होणाऱ्या खर्चाच्या मानाने किरकोळ.

देशभर खळबळ उडाली. इतकं स्वस्त असेल तर थांबलोय कशाला? काँग्रेसच्या बैठकीत, संसदेत, पेपरांत हेच आकडे फिरू लागले. पण ते आले कुठून? अमेरिकेने शांततामय स्फोटांसाठी, म्हणजे कालवे किंवा बंदरं खोदण्यासाठी, जाहीर केलेल्या दरांवरून. त्यात अणुभट्टी धरलेली नव्हती, प्लुटोनियम वेगळं करणारा कारखाना नव्हता, बॉम्ब वाहून नेणारी विमानं किंवा क्षेपणास्त्रं नव्हती. जणू मिसळीच्या खर्चात फक्त पावाचे पैसे धरले!

बॉम्ब नको म्हणणाऱ्यांनी मग कितीतरी पट मोठे आकडे पुढे केले. शास्त्रींनी बॉम्बला नकार दिला, पण नोव्हेंबरमध्ये लोकसभेत शांततामय स्फोटाच्या अभ्यासाचं दार किलकिलं ठेवलं. त्याच दारातून देश १८ मे १९७४ ला पोखरणला पोचला. प्लुटोनियम ट्रॉम्बेच्या सायरसचं होतं.

भाभांना बॉम्ब हवाच होता, की फक्त तो करण्याची ताकद देशाकडे असावी एवढंच हवं होतं? अभ्यासकांत आजही एकमत नाही.

शेवटचा प्रवास

२४ जानेवारी १९६६. भाभा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला निघाले होते. एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीत असताना मॉन्ट ब्लांकवर आदळलं. विमानातले सर्व ११७ जण गेले. शास्त्रींना जाऊन दोन आठवडेच झाले होते आणि त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधी पंतप्रधानपदाची शपथ घेत होत्या.

यावरच्या कटाच्या कहाण्या तुमच्या फोनवर येऊन गेल्याच असतील. फ्रान्सच्या चौकशीचा निष्कर्ष साधा होता: विमानातलं दिशादर्शक यंत्र नादुरुस्त होतं, रडारवरच्या नियंत्रकाने दिलेली माहिती वैमानिकाने चुकीची समजून घेतली आणि डोंगर पार झाला असं मानून तो खाली येऊ लागला. १९५० मध्ये एअर इंडियाचंच ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमानही याच डोंगरावर कोसळलं होतं, हे त्या फॉरवर्डमध्ये सहसा नसतं. त्याच १९६६ च्या जूनमध्ये कोसंबीही गेले. पुढच्या जानेवारीत ट्रॉम्बेच्या केंद्राला भाभांचं नाव मिळालं.

भाभांनी लग्न केलं नाही. चित्रं काढली, पाश्चात्त्य संगीत ऐकलं, इमारतीच्या आड येणारी झाडं तोडू न देता मुळासकट दुसरीकडे लावायला लावली. माणूस मोठाच होता, यात वाद नाही. पण त्यांच्याही आकड्यांना ‘यात काय धरलंय आणि काय सोडलंय?’ हे विचारणारं कोणीतरी हवं होतं. कोसंबींनी विचारलं. रेडिओसमोर बसलेल्या लाखोंना विचारता येत नव्हतं, कारण रेडिओला हात वर करून दाखवता येत नाही.

आपल्याला येतो. पुढच्या वेळी कॉलेजच्या हॉलमध्ये कुणी निवृत्त अधिकारी, राजदूत किंवा प्राध्यापक युद्ध किती स्वस्त, शस्त्र किती गरजेचं, करार किती फायद्याचा हे आकड्यांत सांगेल. टाळ्या वाजवा, सेल्फीही काढा. पण प्रश्नोत्तरं सुरू झाली की माइक मागून घ्या.