दुकानदाराच्या पोराने उलगडलेले नेच्याचे गुपित

थुंकीच्या नमुन्यातले क्षयाचे जंतू आता जनुकीय चाचणीने दोन तासांत ओळखता येतात. रानातली नेची ओळखायलाही डीएनएचाच आधार घेतात. त्याचा पाया मात्र डीएनएचे नावही न ऐकलेल्या माणसाने घातला.

विल्हेल्म होफमायस्टर यांचा जन्म १८२४ साली जर्मनीतील लाइपझिगचा. वडिलांचा संगीतविषयक पुस्तकांचा धंदा होता. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि विल्हेल्म धंद्यात लागले. वनस्पतिशास्त्र शिकले ते स्वतःच. त्यांना लांबचे फारसे दिसत नसे. जवळचे बारीक काम मात्र ते सहज करत. पहाटे, दुकानाच्या वेळेआधी, ते सूक्ष्मदर्शकापाशी बसत.

नेच्याला ना फूल, ना बी. पानांमागच्या ठिपक्यांतून बीजाणू गळतात. त्यांतून नेचे उगवत नाही, तर नखाहून लहान, हृदयाच्या आकाराची हिरवी चकती उगवते. तिच्यावर नर आणि मादी पेशी तयार होतात. पाण्याच्या थरातून पोहत नर पेशी मादी पेशीला मिळते आणि मगच नवे नेचे उगवते. यातले तुकडे इतरांनी पाहिले होते. शेवाळांपासून सूचिपर्णी वृक्षांपर्यंत हाच दोन पिढ्यांचा फेरा चालतो, हे होफमायस्टरनी १८५१ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी दाखवले. डार्विनचा ग्रंथ यायला अजून आठ वर्षे होती.

रोस्टॉक विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. पदवी नसलेला हा दुकानदार १८६३ मध्ये हायडेलबर्गला प्राध्यापक झाला, पुढे ट्यूबिंगेनला गेला. पण घरात मृत्यूंची रांग लागली. पत्नी गेली, अनेक मुले गेली. १८७७ मध्ये, अवघ्या बावन्नाव्या वर्षी तेही गेले.

या चकत्या इतक्या सारख्या दिसतात, की बहुतेकींची जात तज्ज्ञांनाही नुसत्या नजरेने सांगता येत नाही. पॅसिफिकमधील ताहिती आणि मोरेआ बेटांच्या ढगाळ डोंगररानांत संशोधकांनी त्या गोळा केल्या आणि त्यांच्या हरितलवकातील ‘आरबीसीएल’ जनुकाची जुळणी ओळखीच्या नेच्यांशी केली. दोन्ही पिढ्या एकाच जातीच्या, म्हणून हा जनुकही तोच. काही जातींच्या चकत्या जिथे सापडल्या, तिथे त्यांचे पूर्ण वाढलेले नेचे नव्हतेच! फक्त मोठी पाने मोजली असती, तर त्या जातींचा तिथला वावर कळलाच नसता.

रोगी असो वा रान, दिसते तेवढ्यावर निदान करू नये. होफमायस्टर यांचे आयुष्य मला हेच सांगते.