नावातला ‘इंडिया’ आणि वालचंद हिराचंद

एकेकाळी गोव्याप्रमाणेच पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या दादरा-नगर हवेलीत, सिल्वासाच्या आसपास गलोंड्यासारख्या गावांपर्यंत, आज कारखान्यांची वस्ती पसरली आहे. भाड्याच्या शेडमध्ये चार यंत्रे लावून बसलेले उद्योजक तेथे आहेत, देशभर नाव असलेले मोठे उद्योगसमूह आहेत आणि परदेशी भांडवलावर उभ्या राहिलेल्या कंपन्याही आहेत. या शेवटच्या वर्गातील कंपन्यांच्या नावाला अनेकदा ‘इंडिया लिमिटेड’ असे शेपूट जोडलेले असते. त्याकडे आज कोणी वळूनही पाहत नाही. सुमारे नव्वद वर्षांपूर्वी मात्र याच दोन शब्दांवरून भारतीय उद्योगपती आणि इंग्रज सरकार यांच्यात कडाक्याचा वाद झडला होता. त्या वादात आघाडीवर होते सोलापूरचे वालचंद हिराचंद.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात, कापूस आणि सावकारीचा व्यवसाय असलेल्या दिगंबर जैन घराण्यात झाला. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट राहिले. वडिलोपार्जित पेढीवर मन रमेना. रेल्वेतील कारकुनी सोडून ठेकेदारीत उतरू पाहणारे लक्ष्मणराव फाटक त्यांना भेटले. फाटकांकडे कामाची माहिती होती, वालचंदांकडे थोडे भांडवल आणि पुष्कळ धाडस होते. दोघांनी भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेच्या एका लहानशा पट्ट्याचे काम घेतले. ही रेल्वे कंपनी लंडनमध्ये नोंदलेली होती. म्हणजे परकीय कंपनीविरुद्ध पुढे आयुष्यभर झगडलेल्या या माणसाची सुरुवात परकीय कंपनीचा छोटा देशी ठेकेदार म्हणूनच झाली. त्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. ठेकेदारीचा हा धंदा वाढत वाढत बोरघाटातील बोगद्यांपर्यंत पोहोचला.

खरी लढाई समुद्रावर झाली. पहिले महायुद्ध संपताच, ग्वाल्हेरच्या महाराजांनी रुग्णनौका म्हणून वापरलेले ‘लॉयल्टी’ हे जहाज विक्रीस निघाले. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांना बरोबर घेऊन ते विकत घेतले आणि मार्च १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. आज तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी मात्र जाणकारांना या साहसाचा शेवट आधीच दिसत असावा. जमशेटजी टाटांनी १८९० च्या दशकात चीन-जपानकडे सुरू केलेली जहाजे पी अँड ओ कंपनीने भाडी पाडून बंद पाडली होती. १९०६ मध्ये चिदंबरम पिळ्ळै यांनी तुतिकोरीनहून सुरू केलेली स्वदेशी कंपनीही तशीच बुडाली होती.

परकीय कंपन्यांचे शस्त्र साधे आणि जीवघेणे होते. नवा प्रतिस्पर्धी आला की भाडे तोट्यात जाईपर्यंत उतरवायचे, तो बुडाला की पुन्हा चढवायचे. त्याच्या जोडीला विलंबित सवलतीची पद्धत होती. माल पाठविणाऱ्या व्यापाऱ्याच्या भाड्यातील काही हिस्सा कंपनी स्वतःकडे राखून ठेवी आणि दरम्यानच्या काळात त्याने दुसऱ्या कोणाच्या जहाजातून एकही पोते पाठविले नसेल तरच परत करी. मग स्वदेशीची चाड असलेला व्यापारीसुद्धा, हिशेबाची वही उघडली की, इंग्रजी जहाजाकडेच वळे. कायद्याने सर्वांना समुद्र खुला होता. वालचंदांचे म्हणणे असे होते की बलाढ्य आणि नवजात यांना एकाच आखाड्यात उतरवून नियम समान ठेवणे हा न्याय नव्हे.

लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीने सिंदियाशी दरयुद्ध पुकारले, मग सिंदियाच विकत घेण्याची तयारी दाखविली. वालचंदांनी विक्रीला ठाम विरोध केला. कंपनी वाचली, पण १९२३ च्या करारात तिला आपल्या जहाजांच्या संख्येवर आणि मार्गांवर जाचक बंधने मान्य करावी लागली. नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर १९२९ मध्ये अध्यक्षपद वालचंदांकडे आले. त्याआधीच, १९२८ मध्ये, भारतीय किनाऱ्यावरची वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्याचे विधेयक साराभाई हाजी यांनी केंद्रीय विधिमंडळात मांडले होते. ते कायद्यात उतरले नाही. उलट १९३५ च्या कायद्यात ब्रिटिश कंपन्यांशी भेदभाव करण्यास मनाई करणारी कलमेच घातली गेली.

‘इंडिया लिमिटेड’चा प्रश्न याच काळातला. देशी उद्योगांना आधार म्हणून आयातीवर जकात बसू लागली, तेव्हा परदेशी कंपन्यांनी जकातीच्या भिंतीबाहेर थांबण्याऐवजी भिंतीच्या आत येऊन कारखाने काढले. काड्यापेटीचे उदाहरण पाहावे. १९२२ मध्ये आयात काड्यापेट्यांवरील जकात वाढली आणि लगेच स्वीडिश कंपनीने विम्को या नावाने भारतातच उत्पादन मांडले. त्याच सुमारास शिवकाशीला हाताने काड्या बनविणारे छोटे कारखानेही सुरू झाले, आणि यंत्रांच्या त्या प्रचंड स्पर्धेतही ते टिकले. लहान धंद्याच्या चिवटपणाचा हा पुरावा फारसा कोणी विचारात घेत नाही. वालचंदांचा आक्षेप मोठ्या, भांडवली उद्योगांपुरता होता : भिंत ग्राहकाच्या पैशाने बांधली जाते, तर तिच्या आतला नफा, तिथले वरिष्ठ तंत्रज्ञान आणि निर्णयाचा अधिकार परदेशात का जावा? कारखाना कोठे आहे यापेक्षा तो कोणाच्या हाती आहे हे त्यांना महत्त्वाचे वाटे.

मात्र त्यांचा स्वतःचा व्यवहार इतका सरळ नव्हता. बंगळुरूला डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली ती अमेरिकी उद्योजक विल्यम पॉली यांच्या साहाय्याने आणि म्हैसूर संस्थानच्या भागीदारीने. प्रीमियर ऑटोमोबाइल्स या मोटार कारखान्यासाठी क्रायस्लरशी करार झाला. परदेशी ज्ञान हवे, मालकी नको, अशी त्यांची रेघ होती, पण ती दर वेळी तितकी स्पष्ट राहिली असे म्हणता येणार नाही. आणखी एक गोष्ट त्यांच्या चाहत्यांना अडचणीची वाटते. मोठ्या कंपनीच्या दडपणाविरुद्ध ओरडणारी सिंदिया स्वतः मोठी झाली, तेव्हा किनाऱ्यावरच्या लहान देशी आगबोट कंपन्यांना तिच्याच छायेत यावे लागले. मुंबई-कोकण-गोवा मार्गावर आगबोटी चालविणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनही अखेर सिंदियाच्या ताब्यात आली. बंदरात उभ्या असलेल्या कोकणी-गोवेकर उतारूला मालक बदलल्याने किती फरक पडला, हा प्रश्न त्या काळच्या स्वदेशी लिखाणात क्वचितच विचारलेला दिसतो.

जहाजबांधणीच्या कारखान्यासाठी वालचंदांनी प्रथम कलकत्त्याची जागा मागितली होती. ती नाकारली गेली तेव्हा त्यांनी विशाखापट्टणम निवडले. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढच्याच वर्षी जपानी विमानांनी तेथे बॉम्ब टाकले. तरीही १४ मार्च १९४८ रोजी ‘जलउषा’ पाण्यात उतरली, आणि तो समारंभ पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते झाला.

त्यानंतरच्या वर्षात दोन गोष्टी घडल्या. ६ एप्रिल १९४९ रोजी नेहरूंनी जाहीर केले की देशातील परकीय कंपन्यांना भारतीय कंपन्यांप्रमाणेच वागविले जाईल. सरकार आपले होते, देशाला भांडवलाची निकड होती, आणि ज्या समान वागणुकीविरुद्ध वालचंद इतकी वर्षे झगडले ती आता स्वतंत्र भारताचे धोरण झाली होती. त्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि पुढे त्यांनी कारभारातून निवृत्ती पत्करली. विमान कारखाना युद्धकाळातच सरकारकडे गेला होता. १९५२ मध्ये जहाज कारखान्याचा मोठा हिस्साही सरकारने घेतला. किनारी वाहतूक मात्र भारतीय जहाजांसाठी राखली गेली. ती एक मागणी पुरी झालेली त्यांनी पाहिली.

८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीच्या फियाट कंपनीच्या नमुन्याची मोटार बाहेर पडू लागली. पुढे दशकानुदशके ती मुंबईच्या रस्त्यांवर धावली. कारखाना प्रीमियरचा, मालक भारतीय, सुटे भागही हळूहळू येथलेच होत गेले. लोक मात्र शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले.