आशादेवी आर्यनायकम : सेवाग्रामच्या मुलांना घर देणाऱ्या शिक्षिका

सेवाग्राम म्हटलं की बापूकुटी आठवते. पण त्याच आवारात मुलांची एक शाळा उभी राहिली आणि तिच्यामागे एक बाई होत्या, हे फार जणांना ठाऊक नसतं. त्यांचं नाव आशादेवी आर्यनायकम.

१९०१ साली लाहोरमध्ये एका बंगाली प्राध्यापकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. एम.ए. होऊन त्या बनारसच्या महिला कॉलेजात शिकवू लागल्या. पुढे शांतिनिकेतनात गेल्या आणि तिथल्या मुलींची जबाबदारी त्यांच्याकडे आली. घरापासून लांब राहणाऱ्या पोरींना नुसता वर्ग पुरत नाही, दिवसभर लक्ष देणारं माणूस लागतं. हे काम त्यांनी तिथे केलं. तिथेच रवींद्रनाथांचे सचिव ई. डब्ल्यू. आर्यनायकम यांच्याशी त्यांचं लग्न झालं. ते मूळचे श्रीलंकेचे.

मग हे जोडपं वर्ध्याला आलं. आधी मारवाडी विद्यालयात काम केलं. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला. आर्यनायकम त्याचे सचिव. सेवाग्रामच्या शाळेचा रोजचा व्याप मात्र दोघांनी मिळून ओढला.

इथे दिवस कसा जायचा? प्रार्थना, सफाई, सूतकताई, शेती, स्वयंपाक आणि त्यातूनच अभ्यास. धान्य मोजताना गणित, भाजी पिकवताना विज्ञान. मुलं आपल्यातूनच मंत्री निवडायची. कुणाकडे जेवणखाण, कुणाकडे आरोग्य, कुणाकडे सफाई. झालेल्या कामाचा हिशेब सगळ्यांसमोर द्यावा लागायचा.

वार्षिक परीक्षेच्या मार्कांपेक्षा मूल रोज काय करतं, कसं वागतं, कुठे अडतं याला इथे जास्त किंमत होती. एकाच साच्यात सगळ्यांना बसवायचं नाही, हा त्यामागचा विचार.

फाळणीनंतर फरिदाबादला निर्वासितांची छावणी उभी राहिली, तेव्हा आशादेवी तिथल्या मुलांसाठी धावल्या. १९५४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पद्म पुरस्कारांचं ते पहिलंच वर्ष.

पण ज्यासाठी आयुष्य वेचलं, ते काम मागे पडत गेलं. सरकारी शाळांनी टकळी उचलली, मुलाकडे बघायची नजर नाही. १९७२ साली आशादेवी गेल्या. सेवाग्रामची शाळाही पुढे बंद पडली. २००५ मध्ये ती आनंद निकेतन म्हणून पुन्हा सुरू झाली.

आज बालगृहातल्या प्रत्येक मुलासाठी वेगळा आराखडा करणं कायद्यानेच बंधनकारक आहे. त्याचं आरोग्य, शिक्षण, आवड, घरची परिस्थिती, सगळं त्यात लिहायचं असतं. पण फॉर्म भरला म्हणजे मूल कळलं, असं होत नाही. त्यासाठी त्याच्यासोबत भाजी निवडायला बसणारं कुणीतरी लागतं. आशादेवींनी सेवाग्रामात उभं केलं ते हेच.