नाट्यछटाकार दिवाकर – जीवन परिचय



स्नेहसंमेलन जवळ आलं की आमच्या नौपाड्यात घरोघरी नाट्यछटेची पाठांतरं सुरू होतात. एकटं मूल उभं राहतं आणि चार-पाच मिनिटांत आई, आजी, शेजारीण असं अख्खं घर डोळ्यांपुढे आणतं. पण हा प्रकार मराठीत ज्यांनी रुजवला त्या दिवाकरांबद्दल विचारलं, तर मोठ्यांनाही नावापलीकडे फारसं सांगता येत नाही.

दिवाकर हे टोपणनाव. खरं नाव शंकर काशिनाथ गर्गे. जन्म पुण्याचा, १८ जानेवारी १८८९. पेशाने ते आपल्यासारखेच शिक्षक, पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयात. इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंग याच्या कवितांचा त्यांच्यावर प्रभाव होता. त्या कवितांत एकच माणूस बोलतो, समोरचा गप्प असतो. दिवाकरांनी हे तंत्र कवितेतून उचललं आणि मराठी घरातल्या रोजच्या बोलीत, गद्यात आणलं. १९११ साली 'महासर्प' ही पहिली नाट्यछटा लिहिली तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते.

नाट्यछटेची खरी गंमत न बोलणाऱ्या माणसात आहे. बोलणारं पात्र मध्येच थांबतं, प्रश्न उलटा विचारतं, कुणाला तरी दटावतं, पुन्हा मूळ विषयावर येतं. त्यावरूनच समोर कोण आहे, ते काय म्हणालं, हे आपण ताडायचं. लेखक स्वतः मध्ये येऊन काहीही समजावत नाही. एखाद्या माणसाचा ढोंगीपणा त्याच्याच तोंडून बाहेर पडतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो! 'शिवि कोणा देऊ नये' ही नाट्यछटा तर प्रत्येक शिक्षकाने आणि पालकाने एकदा वाचावीच. शिवी देऊ नये हा धडा शिकवणाऱ्याच्याच तोंडी शिव्या. हसू येतं, आणि मग आपण कालच वर्गात किंवा घरात काय बोललो ते आठवतं. 'पंत मेले – राव चढले' मध्ये हसू आणखी कडवट होतं. एका घरातला कर्ता माणूस जातो आणि त्याच्या जाण्याने दुसऱ्या घरात बढतीचा आनंद होतो.

तो काळ संगीत नाटकांचा. आमच्या तलावपाळीच्या काठी १९७८ पासून ज्यांच्या नावाचं रंगायतन उभं आहे, ते राम गणेश गडकरी दिवाकरांहून चारच वर्षांनी मोठे. गडकऱ्यांची नाटकं मोठी, भाषा भरजरी. दिवाकरांनी मात्र दीड-दोन पानांतच संसार मांडला. एकूण ५१ नाट्यछटा, म्हणजे सगळ्या मिळून एक बेताचं पुस्तक. मला विचाराल तर एवढं थोडं लिहून एवढं टिकणं अवघडच.

१ ऑक्टोबर १९३१ रोजी, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी, ते गेले. मुंबईत रेडिओ सुरू झाला होता १९२७ मध्ये. नेपथ्य नाही, पोशाख नाही, नुसता आवाज! दिवाकरांचं लेखन जणू त्यासाठीच होतं. पुढे आकाशवाणी मुंबईवर 'पुन्हा प्रपंच' ही घरगुती, विनोदी श्रुतिका गाजली. नीलम प्रभूंच्या मीनावहिनी, बाळ कुडतरकरांचे प्रभाकरपंत आणि प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी जुन्या मंडळींच्या कानात अजून असतील. तिथे तीन आवाज होते, दिवाकरांकडे एकच. पण घर तेच.

आता थोडं स्पष्ट बोलते. आपल्या स्पर्धांमधून नाट्यछटेचं भाषण होत चाललं आहे. मोबाईलचे दुष्परिणाम, झाडे लावा, आणि शेवटी परीक्षकांकडे बघून हात जोडून संदेश. संहिता आईने लिहिलेली, हातवारे क्लासच्या ताईंनी बसवलेले. मूल घामाघूम होतं, पण समोर कोणी उभं आहे असं त्याला वाटतच नाही. ते उत्तराची वाट बघत नाही, त्यामुळे थांबत नाही. दिवाकरांची नाट्यछटा मोठ्याने वाचली की थांबावंच लागतं.

घरी करून बघायला एक सोपा प्रकार आहे. आई फोनवर बोलत असताना मुलांनी जवळ बसायचं आणि पलीकडचं माणूस काय म्हणालं असेल ते वहीत लिहायचं. मग ते वाचून दाखवायचं. फोन कोणाचा होता, हे आईने तोवर सांगायचं नाही.